आधी शॉट, मग सेन्सर!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यात माझा आजही गोंधळ उडतो. तेव्हा शुद्धलेखन चुकलं तर ते संपादकांच्या माथी, आणि मुद्दा चुकला तर माझ्या माथी!

विषय ताजा आहे. आपल्या फिल्म क्लबसाठी कॅमेरा घ्यायचाय. वर्गणी जमली आहे, कॉलेजनेही थोडी मदत कबूल केली आहे, कोटेशन्स मागवली आहेत. आणि सध्या कँटीनपासून हॉस्टेलच्या गच्चीपर्यंत एकच वाद रंगलाय, फुल फ्रेम की आणखी काही? खरं तर वाद कसला, बहुतेकांचं उत्तर ठरलेलंच आहे. "घ्यायचा तर फुल फ्रेमच, नाहीतर मोबाइल काय वाईट आहे?"

माझं मत उलट आहे. क्लबने या पैशांत फुल फ्रेम घेऊ नये. आणि हे मत मला कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही, एका फजितीतून मिळालंय. ती आधी सांगते, कारण ती माझीच आहे.

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या शेवटच्या दिवशी मुलींच्या मेसच्या मावशींचा निरोप समारंभ होता. सव्वीस वर्षं त्यांनी आपल्या मेसमध्ये पोळ्या केल्या. परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरा गेलं तरी "काय गं, जेवलीस का?" असं विचारणारी कॉलेजमधली ती एकच व्यक्ती. त्या दिवशी त्या आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभ्या राहिल्या आणि दोन मिनिटं बोलल्या.

कॅमेऱ्यामागे मी होते. एका सीनियरने त्याच्या दादाचा फुल फ्रेम कॅमेरा आणून दिला होता, त्यावर ८५ मिमीची लेन्स. अ‍ॅपर्चर मी पूर्ण उघडं ठेवलं, एफ १.८, कारण मागचा पडदा धूसर झाला की कसं 'सिनेमॅटिक' दिसतं! लेन्सच्या मोटरची घरघर रेकॉर्ड होते म्हणून ऑटोफोकस बंद करून फोकस हाताने लावून ठेवला. मावशी माइकजवळ आल्या, स्पीकर किंचाळला, त्या दचकून एक पाऊल मागे सरकल्या आणि तिथूनच बोलल्या. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर मला सगळं छान दिसत होतं. रात्री लॅपटॉपवर बघितलं तर माइकचा दांडा एकदम शार्प आणि मावशींचा चेहरा म्हणजे नुसता ढग. आवाजाचं तर विचारूच नका. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकमध्ये पंख्यांची घरघर आणि आपल्या शिट्ट्या, एवढंच.

इंजिनिअर असून हे गणित आधी केलं नाही, नंतर केलं. फुल फ्रेम, ८५ मिमी, एफ १.८, अंतर ३ मीटर. फोकसमध्ये राहणारी जागा किती? साधारण १३ सेंटिमीटर. पुढे साडेसहा, मागे साडेसहा. एक वीतसुद्धा नाही! माणूस बोलताना एवढा तर नुसता डुलतो.

पुढच्या आठवड्यात मावशींची मुलगी क्लिप मागायला आली. तिला शेवटी जी क्लिप दिली ती फर्स्ट इयरच्या एका मुलीने स्टेजच्या पायरीवर, स्पीकर बॉक्सशेजारी बसून मोबाइलवर काढलेली होती. करंगळीच्या नखाएवढा सेन्सर! पण मावशी दिसतात, आणि त्या काय बोलल्या ते कळतं. यापेक्षा जास्त त्या मुलीला काय हवं होतं?

आता सेन्सरकडे वळू. आधी नावाचा घोळ. 'फुल फ्रेम' म्हणजे ३६ बाय २४ मिमी. नावातच 'फुल' असल्यामुळे बाकीचे सगळे अर्धवट वाटतात! पण हे माप कुठून आलं? जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी फिरवून फोटोसाठी वापरली, म्हणून चौकट मोठी झाली. तो लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. म्हणजे फुल फ्रेम हे मुळात फोटोचं माप. सिनेमात फिल्म उभी धावते, त्यामुळे तिथली चौकट लहान. सुपर ३५ म्हणतात ती साधारण २५ बाय १८.७ मिमी. आपल्या नेहमीच्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमी, म्हणजे सिनेमाच्या मापाच्या कितीतरी जवळ. "फुल फ्रेमशिवाय सिनेमॅटिक लुक येत नाही" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, आपण लहानपणापासून पाहिलेले बहुतेक सिनेमे फुल फ्रेमवर झालेलेच नाहीत. व्हिडिओत फुल फ्रेमची हवा आली ती २००८ च्या कॅनन ५डी मार्क टू नंतर.

दुसरी गंमत 'एक इंची' सेन्सरची. पट्टी घेऊन मोजा. १३.२ बाय ८.८ मिमी, कर्ण जेमतेम १६ मिमी. मग इंच कुठे गेला? तर जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची ट्यूब असायची, तिचा बाहेरचा व्यास एक इंच. ट्यूब गेली, नाव राहिलं. आपण शीटवर असं डायमेन्शन दिलं असतं तर सरांनी शीट परत केली असती!

असो. खरा मुद्दा पुढे आहे. "मोठा सेन्सर म्हणजे जास्त प्रकाश" हे बरोबर आहे, पण अर्धवट बरोबर. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, एक इंचीचं ११६. दोन्हींवर एफ २.८ ठेवलं तर फुल फ्रेमला जवळजवळ साडेसातपट प्रकाश मिळतो. मान्य. पण त्याबरोबर फोकसमधली जागाही कमी होते. ती परत मिळवायला अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास बंद करा, की तो साडेसातपट फायदा गेला! मग आयएसओ वाढवा, नॉइज आलाच. थर्मोडायनॅमिक्समध्ये आपण जे शिकतो तेच इथे, फुकट काही मिळत नाही.

आता हे आपल्या ऑडिटोरियमला लावून बघा. मागची कंट्रोल रूम स्टेजपासून साधारण २० मीटरवर आहे. तिथून एक नाचणारी मुलगी डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये भरायची असेल, तर फुल फ्रेमवर २०० मिमीची लेन्स लागते. स्टेजच्या दिव्यांत एफ २.८ हवं, आणि २०० मिमीपर्यंत जाणारी एफ २.८ ची झूम म्हणजे किलो-दीड किलोचं धूड. त्याची किंमत ऐकून रेक्टर मॅडम आपली वर्गणी परत करतील! एवढं करून फोकसमध्ये राहणारी जागा किती? पावणेदोन मीटरच्या आत. मुलगी दोन गिरक्या घेत मागे गेली की पुन्हा ढग. हाच शॉट एक इंची सेन्सरवर ७५ मिमीच्या आसपासच्या लेन्सने मिळतो, तो झूम हँडीकॅममध्ये बसवलेलाच असतो, आणि फोकसमध्ये साधारण साडेचार मीटर जागा मिळते. नाचा हवं तेवढं!

शिवाय वेळ. आपला कार्यक्रम चार-चार तास चालतो (प्रमुख पाहुण्यांचं भाषण धरून). फोटोसाठी बनलेले अनेक कॅमेरे लांब रेकॉर्डिंगमध्ये तापतात, आणि पूर्वीच्या कित्येक मॉडेल्समध्ये तर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबायचं. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं. आणि 'फोरके, फोरके' करणाऱ्यांनी साधा भागाकार करावा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी, चार तासांना १८० जीबी. ठेवणार कुठे? एडिट करणार कोणाच्या लॅपटॉपवर? माझ्या तर नाही!

आता समोरच्या पार्टीची बाजू. ती खोटी नाही. रात्रीच्या अंधारात, कमी दिव्यांत, एका चेहऱ्याभोवतीची छोटी गोष्ट सांगायची असेल तर फुल फ्रेम सुंदरच. 'द क्रिएटर' हा २०२३ चा हॉलिवूडपट सोनीच्या एफएक्स३ या छोट्याशा फुल फ्रेम कॅमेऱ्यावर झालाय. पण त्याच्या मागे तयारीचे कॅमेरामन होते, फोकस सांभाळायला वेगळा माणूस होता. आपल्याकडे? व्हायवा संपवून धावत आलेली मी! उलट उदाहरणही आहे. 'स्लमडॉग मिलिऑनेअर' (२००८) चा बराचसा भाग मुंबईच्या गल्ल्यांत एसआय-टूके नावाच्या कॅमेऱ्यावर काढला, त्याचा सेन्सर दोन तृतीयांश इंची वर्गातला, म्हणजे आपल्या एक इंचीपेक्षाही लहान. कारण त्यांना गर्दीतून मुलांमागे धावायचं होतं. त्याच सिनेमाला सिनेमॅटोग्राफीचं ऑस्कर मिळालं. सेन्सर मोठा की लहान हा प्रश्नच नव्हता, शॉट काय आहे हा होता.

म्हणून माझा प्रस्ताव असा. क्लबचं वर्षभराचं काम लिहून काढा. गॅदरिंग, टेक फेस्ट, गेस्ट लेक्चर्स, निरोप समारंभ आणि वर्षातून एखादी शॉर्ट फिल्म. पहिल्या चारांसाठी एक इंची सेन्सरचा, चांगला झूम आणि बाहेरचा माइक लावायची सोय असलेला हँडीकॅम घ्या. ज्यांना लेन्स बदलायची हौस आहे त्यांच्यासाठी फार तर एपीएस-सी. शॉर्ट फिल्मच्या दोन-तीन दिवसांसाठी फुल फ्रेम भाड्याने आणा. सिनेमावालेही कॅमेरा भाड्यानेच आणतात, त्यात कमीपणा कसला?

आणि कॅमेरा-लेन्सवर शंभरातले पन्नास-साठच खर्च करा. उरलेल्यात आधी आवाज. एक रेकॉर्डर, दोन कॉलर माइक आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमधून सरळ लाइन घ्यायला लागणाऱ्या केबल्स. हलतं चित्र लोक सहन करतात, न कळणारा आवाज नाही. मग हलताना धक्का न देणारा ट्रायपॉड. मग एक-दोन एलईडी पॅनेल. रिफ्लेक्टरला पांढरा थर्माकोल पुरतो. शेवटी दोन जास्तीच्या बॅटऱ्या, ज्या आपण नेहमी विसरतो.

एक गोष्ट तर फुकटच आहे, सेटिंग. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. तेव्हा २५ फ्रेम्स आणि शटर १/५० ठेवा, ट्यूबलाइटखाली पट्टे दिसणार नाहीत. अमेरिकेतल्या कुणाचं ऐकून ३० फ्रेम्स आणि १/६० ठेवलं की लेक्चर हॉल लुकलुकायला लागतो. यासाठी कुठलंच कोटेशन लागत नाही!

काही जण म्हणतील, "ही मुलगी आपल्याला लहान स्वप्नं बघायला सांगतेय." अजिबात नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. यंत्र काय करू शकतं आणि काय नाही, हे त्यांना स्क्रूपासून माहीत होतं. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. वर्कशॉपमध्ये जॉब बघून टूल निवडायला शिकतो, मग कॅमेऱ्याच्या दुकानात गेल्यावर आधी टूल आणि मग जॉब असं उलटं का करतो? ही वर्गणी मेसच्या बिलातून वाचवून दिलेली आहे, कुणाच्या बाबांनी पाठवलेली आहे. तिचा हिशेब फक्त बिलात नको, क्लिपमध्येही दिसायला हवा.

या मे महिन्यात आपल्या लायब्ररीतले शिपाईकाका रिटायर होतायत. तेही माइकसमोर बोलतील, बहुतेक पहिल्यांदाच. त्यांची मुलगी क्लिप मागायला येईल, तेव्हा "सॉरी, पण बॅकग्राउंड बघ ना किती मस्त ब्लर झालंय" असं मला तिला सांगायचं नाहीये.

बघा पटतंय का. नसेल पटत तर कँटीनमध्ये भेटा, चहा तुमच्याकडून!