शनिवारचे दोन तास

समाजसेवेतून 'आपल्याला काय मिळतं' हे विचारायची आपल्याकडे लाज वाटते. निष्काम कर्म वगैरे संस्कार आड येतात. अप्रेजलच्या वेळी मात्र तोच प्रश्न आपण बिनधास्त विचारतो! मी गेली दोन वर्षं दर शनिवारी दोन तास एका हॉस्पिसमध्ये जातो. आणि सरळ सांगतो, मला भरपूर मिळतं.

हॉस्पिस म्हणजे काय? रोग बरा करायचे प्रयत्न जिथे थांबलेले असतात, पण माणसाची काळजी घेणं थांबलेलं नसतं, ती जागा. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केलं, तिथून आधुनिक हॉस्पिसची सुरुवात झाली. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईतलं, वांद्र्याचं शांती आवेदना, १९८६ सालचं.

सॉन्डर्सबाई आधी नर्स, मग रुग्णालयात समाजसेविका आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या. त्यांचं म्हणणं असं की शेवटच्या दिवसांतलं दुखणं नुसतं शरीराचं नसतं. मनाचं असतं, नात्यांचं आणि पैशांचं असतं, 'माझ्या जगण्याला अर्थ काय होता' याचंही असतं. शरीराच्या दुखण्यावर मॉर्फिन आहे. बाकीच्यांसाठी लागतो तो ज्याच्याकडे वेळ आहे असा माणूस. तो म्हणजे आपण.

काम म्हणाल तर अगदी साधं. पेपर वाचून दाखवायचा, रमीचा डाव टाकायचा, रात्रभर जागलेल्या मुलीला 'जा, चहा घेऊन ये' म्हणायचं. बऱ्याचदा नुसतं बसायचं.

आणि आम्हा आयटीवाल्यांना हेच जमत नाही. समोर दिसलं की बग शोधायचा, फिक्स करायचा, तिकीट क्लोज! इथे एकही तिकीट क्लोज होत नाही. एखादे आजोबा म्हणतात, "मुलगा अमेरिकेतून येईल ना रे?" जीभ शिवशिवते, 'येईल हो, नक्की येईल' म्हणायला. त्याऐवजी विचारायचं, "काय करतो तो तिकडे?" मग अर्धा तास आजोबा बोलतात, आपण ऐकतो.

ही माझी खरी कमाई. गेल्या वर्षी काकांना कॅन्सर निघाला, शेवटच्या स्टेजचा. घरात सगळे गुगल करत होते, सेकंड ओपिनियन, थर्ड ओपिनियन... काकांशी कोणी बोलतच नव्हतं. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय करावंसं वाटतंय?" बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुहागरचं घर एकदा बघायचंय." आम्ही त्यांना घेऊन गेलो. ओटीवर दोन दिवस बसले. पुढच्या महिन्यात गेले. शनिवार नसते तर हा प्रश्न विचारायची माझी हिंमत झाली नसती.

त्रास होतो का? होतो. ओळखीची कॉट रिकामी दिसली की रडूही येतं. नुकतंच जवळचं कोणी गेलं असेल तर थोडं थांबा, घाई नको. मन मोठं असायला हवं वगैरे काही नाही, नेमाने जाणं महत्त्वाचं. एकदा जाऊन महिनाभर गायब होणारा नकोच.

आपले आई-बाबा साठी-सत्तरीत आहेत मंडळी. आज ना उद्या अशा खाटेशेजारी बसायची वेळ आपल्यावर येणारच आहे. त्याआधी बसायला शिकून घेतलेलं बरं, नाही का?