श्रद्धेची दोन मापे

गेल्या नाताळात आर. के. पुरमच्या आमच्या वसाहतीत एका इव्हँजेलिकल शेजाऱ्याने भिंतीवर पांढरी चादर टांगून ‘जीझस’ हा 1979 सालचा चित्रपट दाखविला. मराठीसह जगातील असंख्य भाषांत तो उतरविलेला आहे. भाषांतर हेच माझे काम असल्याने मी कुतूहलाने शेवटपर्यंत बसलो. खेळ संपल्यावर हेच सद्‌गृहस्थ सांगू लागले की, 2006 मध्ये ‘द दा विंची कोड’वर देशभर बंदी घालावयास हवी होती.

हा विसंवाद त्यांच्या एकट्याचा नाही. ‘जीझस’च्या निर्मितीत पुढाकार घेणारे अमेरिकन धर्मप्रचारक बिल ब्राइट यांनीच 1988 मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’च्या सर्व प्रती नष्ट करता याव्यात म्हणून युनिव्हर्सल कंपनीला निर्मितीखर्च भरून देण्याची तयारी दर्शविली. चित्रपट शुभवर्तमानांना सोडून आहे, हा आक्षेप होता. 2004 मध्ये मेल गिब्सन यांचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ आला. त्यातील काही प्रसंग शुभवर्तमानांत नाहीत. ते अ‍ॅन कॅथरिन एमरिख या कॅथलिक धर्मभगिनीच्या दृष्टान्तांवरून घेतलेले आहेत. तरीही इव्हँजेलिकल चर्चनी त्याची तिकिटे घाऊक विकत घेतली. म्हणजे कसोटी शास्त्राची नव्हती; चित्रपट आपल्या बाजूचा की विरुद्ध, एवढीच होती.

आपल्याकडे ‘द दा विंची कोड’मधील कथा काल्पनिक असल्याची सूचना जोडावयास लावून सेन्सॉर बोर्डाने त्यास प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. तरीही मुंबईत कॅथलिक संघटनांनी निदर्शने केली. गोवा, नागालँड, पंजाब, तमिळनाडू व आंध्र प्रदेश या राज्यांनी बंदी घातली. तमिळनाडू व आंध्र प्रदेशातील बंदी तेथील उच्च न्यायालयांनी रद्द केली.

चित्रपटावर टीका करण्याचा, त्यावर बहिष्कार घालण्याचा हक्क श्रद्धावंतांना आहेच. परंतु ‘भावना दुखावल्या’ हे हत्यार एकदा राज्यसंस्थेच्या हाती दिले की ते बहुसंख्याकांच्या सोयीने चालते. आज धर्मांतराचा आरोप ठेवून ख्रिस्ती प्रार्थनासभांवर हल्ले होतात, तेव्हा हल्लेखोरांच्या तोंडी हेच शब्द असतात. बंदीची मागणी करणारा अल्पसंख्य आपल्याच मानेवरच्या सुरीला धार लावीत असतो.

हा न्याय आपल्यालाही लागू आहे. 2003 मध्ये पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडी सरकारने तस्लिमा नसरीन यांच्या ‘द्विखंडित’ या पुस्तकावर बंदी घातली. 2005 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती उठविली. त्या चुकीवर पांघरूण घालून इतरांना आविष्कारस्वातंत्र्य शिकविण्याचा अधिकार आपणास पोहोचत नाही.

उद्या कोणी आमच्या वसाहतीतील ती चादर फाडावयास आला, तर जनवादी कार्यकर्त्याने शेजाऱ्याच्या बाजूने निःसंकोच उभे राहिले पाहिजे. आणि दुसऱ्याचा पडदाही तितकाच सुरक्षित असला पाहिजे, हे त्याच दिवशी शेजाऱ्यालाही स्पष्ट सांगितले पाहिजे.