प्रिंटरच्या पोटातले कागद

नांदेड-लातूरच्या शासकीय कार्यालयांत जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, अॅट्रॉसिटीच्या तक्रारी प्रिंटरमधूनच जातात. मोठ्या झेरॉक्स-प्रिंटर यंत्रांत हार्डडिस्क असते आणि कागदाची प्रत तीत राहू शकते, हे किती अधिकाऱ्यांना ठाऊक आहे? २०१० साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या जुन्या यंत्रांतून बफेलो पोलिसांकडील घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी बाहेर निघाल्या!

दुरुस्तीला आलेला माणूस लॅपटॉप थेट कार्यालयाच्या नेटवर्कला जोडतो. यंत्राचा पासवर्ड कंपनीने दिला तोच राहिला, तर अडवणार कोण? २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात कलम १५-अ आले. साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याची तरतूद त्यात आहे. ते नाव गावात फुटले, तर त्या कुटुंबाला वाली कोण?

आमचा रोष कंत्राटी तंत्रज्ञावर नाही. तो आपल्याच वस्तीतला आयटीआय झालेला पोरगाही असेल. उद्या काही फुटले, तर पहिला बळी त्याचाच जाईल! म्हणून नियम लेखी हवेत. ओळखपत्र पाहून नोंदवहीत सही घ्या, काम होईतो कर्मचारी समोर ठेवा, पासवर्ड तात्पुरता द्या आणि जुनी हार्डडिस्क कार्यालयातच नष्ट करा.

समाजबांधवांनो, दाखल्यासाठी जाल तेव्हा साहेबांना विचारा: ती नोंदवही कुठे आहे?