पार्श्वभूमी आणि अक्षर

संगणकावर वेबपान रचावयास शिकलेल्या मुलाचा पहिला उत्साह रंगांवर खर्च व्हावा, हे स्वाभाविकच आहे. कोऱ्या पानाला दोन ओळींच्या आज्ञेने हवा तो रंग चढतो, याचे अप्रूप कोणास वाटणार नाही? तथापि रंग ही केवळ हौसेची बाब आहे, हा समज मला मान्य नाही. पार्श्वभूमीचा व अक्षरांचा रंग ठरविणे हे वाचकाविषयीचे कर्तव्य होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा धडा आपल्या राखोलीच्या परिसरातच आहे. वारली घराची कुडाची भिंत आधी शेणमातीने लिंपतात, तीवर गेरूचा हात फिरवितात आणि मगच तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांनी लग्नाचा चौक उमटतो. प्रथम भूमी, नंतर रेघ, हा तेथील क्रम. कै. जिव्या सोमा मशे यांनी (१९३४-२०१८) ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर नेली आणि २०११ साली पद्मश्रीचा मान मिळविला. परंतु गडद भूमीवर पांढरी रेघ हे नाते त्यांनी सोडले नाही. आम्हा कोकणीभाषकांच्या अंगणातही सारवलेल्या भुईवर पांढरी रांगोळीच खुलते. दोनच रंग, पण परस्परांना उठाव देणारे.

संगणकाजवळ रंगांना तोटा नाही. तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या, तर १,६७,७७,२१६ रंग सिद्ध होतात. एवढ्या वैभवात विवेक सुटणे सोपे असते. म्हणूनच वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेने २००८ साली एक माप सांगितले : साध्या आकाराची अक्षरे व त्यांची भूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावर काळ्याचे प्रमाण २१ : १ भरते, पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्याचे जेमतेम १.०७ : १. भडक हिरव्यावर भडक तांबडी अक्षरे डोळ्यांत भरतात खरी, पण त्यांचे प्रमाण ३ : १ पर्यंतही पोहोचत नाही, शिवाय ज्यांना तांबड्या-हिरव्यातील भेद कळत नाही, त्यांची तर फारच पंचाईत होते.

आणखी एक पथ्य पाळावे. 'बॅकग्राउंड-कलर' ही भूमीची आणि 'कलर' ही अक्षरांची, अशा दोन्ही आज्ञा जोडीनेच द्याव्यात. नुसती पांढऱ्या अक्षरांची आज्ञा दिली व भूमी सांगितली नाही, तर ब्राउझर बहुधा आपली पांढरी भूमी देतो आणि पांढऱ्यावर पांढरे लिहिलेले पान कोरेच दिसते. भूमीस चित्र लावले, तरी त्याखाली मिळताजुळता रंग सांगून ठेवावा; नेटवर्क मंद असता चित्र उशिरा येते, पण शब्द थांबता कामा नयेत.

कोणी म्हणतील, अशा नियमांनी मुलांच्या कल्पकतेला बेड्या पडतात. मला तसे वाटत नाही. दोन रंगांत तारपा-नृत्याचा अवघा फेर जिवंत करणाऱ्या हातांना कोणत्या बेड्या पडल्या? शीर्षक, चौकट, चित्रे यांत मन मानेल तसे रंगावे. मजकुराने मात्र शांत राहावे.

मित्रहो, तुमचे पान तुम्ही एकटेच वाचणार नाही. भर दुपारी अंगणात लहानशा मोबाइलवर ते उघडणारे वडील असतील, मोतीबिंदूने दृष्टी अंधुक झालेली आजी असेल. त्यांना अक्षर लागले नाही, तर दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हे, आपल्या निवडीचा. घरी आलेल्याला आपण बसावयास जागा देतो. तद्वतच पानावर आलेल्याच्या दृष्टीला निवांत जागा देणे, हीच पान रचणाऱ्याची खरी रसिकता होय.