जूनमध्ये फुलणारं लायलॅक
कॅनडातल्या अंगणात एकाच लायलॅकपुरती जागा असेल, तर माझं मत प्रेस्टन लायलॅकला. इझाबेला प्रेस्टन या बाईंनी १९२० साली ओटावाच्या सेंट्रल एक्सपेरिमेंटल फार्मवर दोन चिनी जातींचा संकर करून हा वाण घडवला आणि कितीतरी रोपांना शेक्सपिअरच्या नायिकांची नावं दिली. उणे ४० अंशांची थंडी तो सोसतो, पण खरी खुबी उशिरा फुलण्यात आहे. नेहमीचं लायलॅक मे महिन्यात घाईने कळ्या उलगडतं आणि एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला की त्या करपून जातात. प्रेस्टनचा तुरा त्याच वसंतात फुटलेल्या पालेदार फांदीच्या शेंड्यावर येतो. आधी फांदी वाढणार, मग फूल. त्यात दोनेक आठवडे जातात आणि तोवर गोठवणाऱ्या रात्री बहुधा सरलेल्या असतात. पान मोठं, हाताला खरबरीत, शिरा खोल उमटलेल्या. गंध कमी गोड, किंचित मसालेदार. काहींना तो रुचत नाही, मला मात्र फार आवडतो. मुळांतून धुमारेही फारसे फुटत नाहीत. भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन एवढं द्याच. छाटणी मात्र बहर ओसरताच उरका, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात आणि पानगळीत कात्री चालवली तर त्याच जातात. ओटावाच्या त्या फार्मवर आजही लायलॅकचा मोठा संग्रह आहे. रोप विकत घेण्याआधी जूनच्या सुरुवातीला तिथे जाऊन रंग पारखून या.