एक 'हॅड' मी कापला

माझे विषय उर्दू आणि मराठी. पण मागच्या वर्षी आमच्या इंग्रजीच्या टीचर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि नववीच्या घटक चाचणीचे पेपर माझ्या टेबलावर येऊन पडले. एका मुलीने लिहिलं होतं, 'शी हॅड हॅड हर ब्रेकफास्ट बिफोर शी केम टू स्कूल.' घाईत मुलींच्या हातून असं होतं, एखादा शब्द दोनदा लिहिला जातो. मी लाल शाईने एक 'हॅड' कापला, अर्धा गुण वजा केला आणि पुढचा पेपर ओढला.

पेपर वाटले त्या दिवशी ती टेबलाजवळ आली. एरवी वर्गात तिचा आवाज ऐकू येत नाही. हळूच म्हणाली, "टीचर, वहाँ दो हॅड आते." मी म्हटलं, "पढ़के देखो जरा, कान को कैसा लगता?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हमारी अम्मी भी दो बार बोलती टीचर. 'खाला आती बोलके बोली.' उसमें का भी एक काटते क्या?"

सगळा वर्ग हसला. खरं सांगते भगिनींनो, मीही हसले. ती जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी घरी व्याकरणाचं पुस्तक उघडलं. मुलगी बरोबर होती. इंग्रजीत एक गोष्ट दुसरीच्या आधी होऊन गेली हे सांगायचं असेल, तर 'हॅड' लावून पुढे क्रियापदाचं तिसरं रूप घेतात. 'शी हॅड ईटन' कुणाच्याही कानाला खटकत नाही. पण खाण्यासाठी 'हॅव' वापरलं, तर त्याचं तिसरं रूपही 'हॅड'च. पहिला हॅड म्हणजे आपलं 'होतं', दुसरा म्हणजे 'खाल्लं'. दोघांची कामं वेगळी, फक्त तोंडावळा एक. मी त्यातल्या एकाला जुळा समजून हाकलून दिलं होतं.

मग मला नादच लागला. इंग्रजीत अशी वाक्यं पुष्कळ आहेत. 'द ओल्ड मॅन द बोट' हे वाक्य घ्या. वाचणारा म्हणतो, म्हातारा माणूस, होडी, आणि क्रियापद कुठे गेलं? क्रियापद आहे 'मॅन'! नाव किंवा मोर्चा माणसं लावून सांभाळणं, असा त्याचा एक अर्थ आहे. 'द ओल्ड' म्हणजे म्हातारी मंडळी. म्हणजे होडीवर म्हातारी मंडळी काम करतात, इतकं साधं वाक्य. आपण 'ओल्ड मॅन' ही जोडी इतक्या वेळा ऐकलेली असते की डोळा थांबतच नाही. आणि अमेरिकेतल्या विल्यम रॅपपोर्ट यांनी 1972 मध्ये तर ओळीने दहा वेळा 'बफेलो' हा एकच शब्द लिहून व्याकरणशुद्ध वाक्य केलं. बफेलो हे तिथलं शहर, बफेलो हा प्राणी, आणि बफेलो म्हणजे दमदाटी करणं. मला ती कसरत वाटते. असं वाक्य कुणी कुणाशी बोलणार नाही. 'हॅड हॅड' मात्र इंग्रज माणूस रोज बोलतो, आणि त्याला त्यात काहीच विचित्र वाटत नाही.

आता 'आती बोलके बोली'कडे येते, कारण मला रात्री झोप लागली नाही ती त्यामुळे.

उर्दूच्या तासाला हे 'बोलके' मी वर्षानुवर्षं कापत आले आहे. पुस्तकी उर्दूत 'उसने कहा कि मैं आऊँगी' असं होतं. माझं माहेर उदगीरचं, मी स्वतः 'बोलके' ऐकत मोठी झाले, तरी बी.एड. करून आले आणि कापू लागले. त्या रात्री पहिल्यांदा वाक्य समोर ठेवून पाहिलं. पहिलं 'बोलके' बोलण्याचं काम करतच नाही. जे बोललं गेलं ते इथे संपलं, एवढंच ते दाखवतं. उर्दूतला 'कि' बोलण्याच्या आधी उभा राहतो, आमचं 'बोलके' नंतर. बोलण्याचं खरं काम शेवटचं 'बोली' करतं. म्हणजे हुबेहूब दोन हॅड!

आणि हे एकट्या आमच्या घरांतलं नाही. शेजारच्या मराठी घरातली बाई म्हणते, 'येते म्हणून म्हणाली.' स्टाफरूममध्ये देगलूरकडच्या एक बाई आहेत, घरात तेलुगू. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, आमच्यात 'वस्तानु अनि अन्नदि.' 'अनि' म्हणजे म्हणून, 'अन्नदि' म्हणजे म्हणाली. उदगीरच्या बाजारात कानडी कानावर पडते, तिथे 'अंत अंदळु'. चार भाषा, चार घरं, वाक्याची बांधणी एक. आश्चर्य नाही. 1956 मध्ये भाषावार राज्यं होईपर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यात होतं, आणि त्याआधी 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात. एकाच बाजारात, एकाच विहिरीवर माणसं बोलत होती. गंमत म्हणजे ज्या 1956 मध्ये भाषेवरून सीमा आखल्या गेल्या, त्याच साली एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने भारतातल्या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेजाराने एकमेकींसारख्या कशा झाल्या, यावर लेख लिहिला.

आपण तिला बिघडलेली उर्दू म्हणतो. दखनीतली सर्वात जुनी मानली जाणारी मसनवी, फखरुद्दीन निजामी यांची 'कदमराव पदमराव', पंधराव्या शतकातली आहे, बहमनी काळातली. त्याच शतकात बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला, म्हणजे उदगीरच्या शेजारी आली. मराठीचं 'नको' आमच्याकडे 'नक्को' झालं, 'मीच'चा 'च' 'मैंच'मध्ये येऊन बसला. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा वेगवेगळ्या असणं ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे, हे मी वर्गात किती वेळा शिकवलं असेल. लाल पेन हातात असताना आठवलं नाही.

व्याकरण सोडून द्या असं मी म्हणत नाही. बोर्डाच्या पेपरात 'कहा कि'च लिहायचं, नाहीतर गुण जातील. 'शी हॅव' लिहिलं तर मी आजही कापते. पण आता 'बोलके' आलं की मुलींना सांगते, हे घरचं आहे, बरोबर आहे. पेपरात मात्र हे लिहा. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर तिचा अर्धा गुण परत दिला आणि चूक माझी होती हेही सांगितलं. ती खाली मान घालून बसली होती.

पुढच्या महिन्यात पालकसभा झाली. तिची अम्मी शेवटच्या बाकावर होती. मी विचारलं, काही बोलायचं आहे का? तिने मुलीकडे पाहिलं आणि मानेने नाही म्हटलं. सभा संपल्यावर मुलीनेच सांगितलं, "मैंच बोली थी टीचर, तुम कुछ बोलना नक्को बोलके." अम्मीने तोंड उघडलं तर टीचर तिचं बोलणंही कापतील, ही भीती.

मी गेटपर्यंत मागे गेले. इतक्या वर्षांत शाळेच्या आवारात बोलले नव्हते तशा उदगीरच्या बोलीत म्हटलं, "बहन, तुम कुछ बोलने आए थे बोलके लगा मेरे को."

ती थांबली. बुरख्याची कड हातात चुरगाळत म्हणाली, "दसवी के बाद पढ़ाना नक्को बोलके बोलते इसके दादा. कॉलेज दूर पड़ता बोलके बोलते. तुम आके बोलते क्या उनको?"

येत्या जुम्याला, नमाजनंतर दादा घरी असतात. मी जाणार आहे.