अनुभवाचा बाजार नको

गेल्या आषाढीला आमच्या दिंडीतली एक आजी पदस्पर्शाच्या रांगेतून बाहेर आली आणि डोळ्यांना पदर लावून बसली. विचारले तर म्हणाली, "माउली, रात्रभर उभी राहिले, पायांवर डोके ठेवले, पण मला काहीच झाले नाही. माझी भक्ती खोटी का?"

आदल्या मुक्कामी एका वक्त्याने आपल्याला दिसलेला प्रकाश आणि कानी आलेला आवाज रंगवून सांगितला होता. ज्याला असे होत नाही त्याची वारी वाया, असेही सुनावले होते. हे बोलणे संप्रदायाचे नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

संतांना देव भेटला, याविषयी आम्हांला शंका नाही. पण तेवढ्याने काम संपते का? नामदेवरायांची कथा आठवा. ज्यांच्या हातचा नैवेद्य देव जेवला, त्यांच्याच डोक्यावर गोरोबाकाकांनी थापटणे मारून मडके कच्चे ठरवले. इतर संतांनी मार मुकाट्याने सोसला. नामदेवांना राग आला. देव माझ्याशी बोलतो, हा अभिमान आडवा आला. मग औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावे लागले. पिंडीवरचे पाय जिथे देव नाही तिथे ठेव, असे विसोबा म्हणाले आणि तशी जागा सापडेना, तेव्हा मडके भाजले गेले.

कुणी म्हणेल, तुकोबारायांनीही स्वप्नातला गुरूपदेश सांगितलाच ना? सांगितला. पण गुरूंनी मागितलेल्या पावशेर तुपाचा आपल्याला विसर पडला, हेही त्याच अभंगात सांगितले. स्वतःची चूक झाकली नाही आणि त्या स्वप्नावर गादीही मांडली नाही. आजचे अनुभव सांगणारे आपली एक तरी चूक सांगतात का?

तेव्हा प्रकाश दिसला का, हे वारकऱ्याला विचारू नका. परतल्यावर भावाशी चाललेला बांधाचा तंटा मिटला का, सुनेशी बोलणे मऊ झाले का, हे विचारा. त्या आजीच्या पुढची बाई रांगेत भोवळ येऊन पडली, तेव्हा आजी आपली जागा सोडून तिला पाणी पाजत बसली होती. हा तिला अनुभव वाटला नाही, कारण तसे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

महाराज, देवाशी बोलणाऱ्या नामदेवरायांनी अखेर जागा मागितली ती महाद्वारातल्या पायरीची, संतांचे पाय लागावेत म्हणून. आपण मात्र अनुभवाच्या जोरावर व्यासपीठ मागतो.

रामकृष्ण हरी.